महाग, खर्चिक, मौल्यवान : एका इंग्रजी शब्दाचे मराठी पर्याय

‘एक्स्पेन्सिव्ह’ हा इंग्रजी शब्द शाळकरी मुलासही ठाऊक असतो, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या मराठी पर्यायांची चिकित्सा कोणी करीत नाही. नित्य हाताळले जाणारे इंग्रजी-मराठी कोश त्यापुढे महाग, महागडा, खर्चिक, किंमती, मौल्यवान असे चारपाच प्रतिशब्द मांडतात आणि निवड वाचकाच्या विवेकावर सोपवितात. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत शब्दसंख्या पुष्कळ वाढली. परंतु हे प्रतिशब्द परस्परांच्या जागी बसू शकतात, हा समज कोशांनी दूर केला असे म्हणवत नाही. वस्तुतः ते समानार्थी नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द बोलणाऱ्याची जागा दाखवितो, आणि ती जागा चुकली की भाषांतरात बोलणारा माणूसच बदलतो.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘तोलून देणे’ असा आहे. चलन वजनाने देण्याच्या काळाची ती खूण. पुढे इंग्रजीत देणारा हात मागे पडला आणि विशेषण वस्तूला चिकटले. कोट, खटला, सवय, चूक ही सारीच इंग्रजीत ‘एक्स्पेन्सिव्ह’ असू शकतात. मराठीत मात्र कोट महाग असतो, खटला खर्चिक असतो, सवय महागडी असते आणि चूक महागात पडते. खर्चिक हे विशेषण माणसालाही लागते व तेथे ते दोष दाखविते. किंमती शब्दात तक्रार नाही. महाग शब्दात ती आहेच. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी महाग असू शकते, पण तिला किंमती कोणी म्हणणार नाही. ‘भारी’ची गोष्ट निराळी : भारी साडी म्हणजे महाग आणि चांगलीही. तरुणांच्या बोलीत तर त्यातील पैसा गळून केवळ वाहवा उरली आहे.

विशेषणांहून क्रियापदे अधिक बोलकी आहेत. घर बांधावयास पैसे लागतात, वस्तू अमुक रुपयांना पडते, दंडाचा भुर्दंड बसतो, आणि नाइलाजाने द्यावे लागले तर पैसे मोजावे लागतात. मोजण्यात लॅटिनमधील तोलण्याचा हात पुन्हा दिसतो. बाजारात तर ‘वांगी कशी दिली?’ असे विचारतात. देणे झालेच आहे, राहिला तो केवळ भाव, असा त्या भूतकाळाचा सूर आहे. ‘परवडत नाही’ हे उत्तर गिऱ्हाईक जितक्या सहजतेने देते, तितक्याच सहजतेने विक्रेताही देतो. ‘परिव्यय’ हा घडविलेला शब्द हिशेबशास्त्रात उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण कथा-कादंबरीच्या भाषांतरात तो आला की पात्राच्या हाती जमाखर्चाची वही दिल्यासारखे होते.

या शब्दांच्या मुळाशी जावयाचे तर अमरकोश उघडावा लागतो. रोह्यात बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते, आणि उत्तरायुष्यात त्यांनी अमरकोशातील शब्दवैभवाचा इंग्रजी वाचकांस परिचय करून दिला. चलनाचा कारभार सांभाळलेल्या माणसास पर्यायकोशाची ओढ असावी हे लक्षणीय आहे, कारण त्या कोशातील अर्थव्यवहार मोठा सूक्ष्म आहे. तेथे ‘मूल्य’ हा शब्द वस्न व अवक्रय यांच्याबरोबर किमतीच्या पर्यायांत येतो, आणि वेतन, भृती यांच्या पंक्तीत मजुरीचा पर्याय म्हणूनही येतो. मराठी ‘मोल’ने हे दोन्ही अर्थ सांभाळले. अनमोल रत्न आणि मोलमजुरी, मोलाचा सल्ला आणि मोलकरीण ही एकाच शब्दाची संतती होय. घरातील मोलकरणीच्या कामाला मोल नसते असे म्हणताना भाषेने केवढा विसंवाद पोटात घातला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

‘अर्घ’ शब्दाचे अमराने दोन अर्थ दिले आहेत : मूल्य आणि पूजाविधी. पूजेतील अर्घ्य त्यातूनच निघाले आणि ‘महार्घ’ होऊन ‘महाग’ही त्यातूनच. पेणच्या गणेशमूर्तींच्या व्यवसायात हे दोन अर्थ आजही शेजारी नांदतात. पेण शहरात, तसेच हमरापूर व जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. तेथे शाडू, रंग, मजुरी यांचा हिशेब असतो, घाऊक दर ठरतात, डोळ्यांच्या आखणीस कुशल हात लागतो व त्या हाताचे मोल वेगळे धरावे लागते. प्लास्टरची मूर्ती हलकी व स्वस्त, शाडूची जड व महाग, हा भेदही सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ‘महाग’ हे विशेषण घेते ती मूर्ती. गणपती विकत घेतला असे कोणी म्हणत नाही, गणपती आणतात. ‘बाप्पा महागले’ हा वृत्तपत्री मथळा गंमतीचा वाटतो तो या संकेताचा भंग होतो म्हणूनच. इंग्रजी वाक्यातील ‘एक्स्पेन्सिव्ह’ला महाग म्हणण्यापूर्वी त्याचे विशेष्य मूर्ती आहे की देव, हे भाषांतरकाराने पाहिले पाहिजे. कोश त्याला ते सांगत नाही.

कोशाच्या एका ओळीत एवढे कसे मावणार, असा आक्षेप येईल. सर्व मावणार नाही. पण एक गोष्ट निश्चित मावेल. महाग हा घेणाऱ्याचा शब्द आहे. कांदा शहरात महागतो, तेव्हा शेतकऱ्याच्या घरी त्याला भाव आलेला असतो. जमिनीच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. जमीन द्यावयाची की नाही, हा तो प्रश्न होता. जमीन महाग की स्वस्त, ही भाषा घेऊ पाहणाऱ्याची. भाव आला, ही विकू इच्छिणाऱ्याची. आणि द्यावयाचीच नाही असे म्हणणाऱ्यास दोन्ही शब्द निरुपयोगी. शासकीय कागदात तिसराच शब्द येतो, ‘मोबदला’. त्यात बदल्याची कल्पना आहे, मग तो बदला घेणाऱ्यास मान्य असो वा नसो. बाजारभावाने हा बदला पुरा होत नाही, हे १८९४ च्या भूसंपादन कायद्यानेही मानले होते; संपादन सक्तीचे म्हणून तो बाजारमूल्यावर शेकडा १५ दिलासा रक्कम देववीत असे. १९८४ मध्ये ती शेकडा ३० झाली, आणि २०१३ च्या कायद्याने ती शेकडा १०० केली.

याच तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. १९५१ साली पोचमपल्लीत त्यांनी भूदानास आरंभ केला, आणि दान म्हणजे संविभाग हा शंकराचार्यांचा अर्थ ते वारंवार सांगत. त्या परिभाषेत जमिनीस महाग वा स्वस्त असे विशेषणच लागत नाही. तेव्हा ‘पेणमध्ये जमीन एक्स्पेन्सिव्ह आहे’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी वाक्य समोर आले, तर मराठीत त्याची निदान दोन वाक्ये संभवतात. मुंबईहून घर बांधावयास आलेल्या पात्राच्या तोंडी ‘येथे जमीन फार महाग आहे’ हे शोभेल. तेच वाक्य खारजमिनीच्या बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या तोंडी असेल, तर ‘आमच्या जमिनीला आता भाव आलाय’ असे म्हणावे लागेल. आणि त्या उद्गारात आनंद आहे की धास्ती, हे मूळ संहितेतील पुढच्या वाक्यावरून ठरवावे लागेल.