एरिक फ्रॉम आणि आपला शनिवार

मानसोपचारतज्ज्ञ म्हटला की रोग्याच्या बालपणाची चौकशी करणारा डॉक्टर आपल्या डोळ्यांपुढे येतो. एरिक फ्रॉम यांनी रोग्याबरोबर त्याच्या समाजाचीही नाडी पाहिली. १९०० साली फ्रँकफुर्टच्या एका धर्मनिष्ठ यहुदी घरात ते जन्मले, तालमूद शिकले आणि हिटलरच्या अमदानीत जर्मनी सोडून १९३४ साली न्यूयॉर्कला स्थायिक झाले.

त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांपैकी तीन आम्हांला महत्त्वाची वाटतात. ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’ (१९४१) सांगते की, स्वतंत्र झालेला माणूस एकटा पडतो आणि त्या एकटेपणाला भिऊन हुकूमशहाचा आसरा घेतो. ‘द सेन सोसायटी’मध्ये (१९५५) त्यांनी अमेरिकेच्या सुखवस्तू समाजाच्या शहाणपणावरच शंका घेतली. तिथला नोकरदार स्वतःला बाजारातला माल समजू लागला आहे, ‘मी कोण?’ यापेक्षा ‘माझा भाव काय?’ हाच प्रश्न त्याला छळतो. ‘टू हॅव ऑर टू बी?’मध्ये (१९७६) यावरचा एक उतारा ते आपल्याच धर्मात दाखवतात. तो म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी माणूस काही मिळवीत नाही, काही मोडीत नाही. तो नुसता असतो.

हे निदान आम्हांला पटते. औषधाविषयी मात्र आमचा आक्षेप आहे. फ्रॉम यांनी धर्माचरण तरुणपणीच सोडले होते. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातला शब्बाथ हा एक सुंदर विचार राहतो. तो पाळायला काय लागते, किती किंमत मोजावी लागते, हे तिथे दिसत नाही.

ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. दिवसाची कमाई बुडे. एकट्यादुकट्याने घाणा थांबवला असता, तर गावाने त्याला आळशी म्हटले असते. सर्वांनी मिळून थांबवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. जवळ ग्रंथ नव्हते, पण एकमेकांची सोबत होती. फ्रॉम ज्या एकटेपणाविषयी लिहितात, त्यावर हाच आपल्या लोकांचा उपाय होता.

आज आपल्यापैकी कोणाच्या घरी घाणा नाही. पण शुक्रवारी रात्री किद्दुश झाला, जेवणे आटोपली की आपण काय बोलतो? कोणाच्या मुलाने केवढे घर घेतले, कोणाच्या नातीला किती पगार मिळतो. ज्याची नोकरी सुटली आहे, तो नातू खाली मान घालून बसतो आणि लवकर उठून जातो. काम बंद असते, पण बाजार आपण मेजावरच मांडलेला असतो. हे करणारे तरुण नव्हेत. बहुधा आपण म्हातारेच.

म्हणून फ्रॉम वाचावेत असे आम्ही सुचवतो. त्यांचे सगळेच पटेल असे नाही. इस्राएलच्या धोरणांवर त्यांनी केलेली टीका आपल्यातील अनेकांना बोचेल. पण शब्बाथच्या मेजावर कोणालाही त्याचा भाव विचारायचा नाही, एवढे जरी आपण त्यांच्याकडून शिकलो, तरी तो नातू पुढच्या शुक्रवारी जरा जास्त वेळ बसेल.