निवेदक कुठे गेला?

मराठी श्राव्यपुस्तकात खेड्यातला माणूस बोलू लागला की लगेच ओळखू येतो. घसा खरवडतो, ‘ण’चा ‘न’ होतो. मग तो साताऱ्याचा असो की यवतमाळचा, बोली एकच: सिनेमातली.

हे वळण डबिंगचे. तिथे ते शोभतेही. मुंबईतल्या मराठी आवाजांना हिंदी डबिंगने मोठे अंगण दिले: मेघना एरंडे यांचा निंजा हातोडी, ‘पुष्पा’मधला (२०२१) श्रेयस तळपदे यांचा अल्लू अर्जुन. तिथे चेहरा आयता असतो, ओठ कधी मिटणार हे ठरलेले असते, तेवढ्या अवकाशात जीव ओतायचा. पुस्तकाला ना चेहरा, ना ओठ. दहा-बारा तास एकच गळा, आणि कादंबरीतला बराचसा मजकूर कोणत्याच पात्राचा नसतो. तो निवेदकाचा असतो. आपले अनेक वाचक नेमके तिथेच, पुढचा संवाद येईपर्यंत, वेळ काढतात.

२०१७ साली स्टोरीटेल हे श्राव्यपुस्तकांचे अ‍ॅप भारतात आले ते मराठी बरोबर घेऊनच. पुस्तके वाढली, कानांना सवय लागली. पण परंपरा त्याआधीची आहे. पुलंचा अंतू बर्वा पुन्हा ऐका. गळा फारसा बदलत नाही. बदलतो हेल आणि थांबण्याची जागा. रत्नागिरीचा सगळा तिरकसपणा त्या थांबण्यात. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहत तेव्हाही नकलेपेक्षा सांगणे मोठे असे. अर्थात ते स्वतःच लेखक होते, ही सवलत मोठीच. पण आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या नीलम प्रभूंच्या मीनावहिनींना ती कुठे होती? तरी त्या शेजारच्याच घरातून बोलत.

आजच्या वाचकाला सगळा दोष देणे अन्यायाचे होईल. मोबदला तयार ध्वनीच्या तासांवर मोजला की आधी पुस्तक वाचण्याचे पैसे कोणी देत नाही. मग दोनशेव्या पानावर कळते की अमुक पात्र घोगऱ्या आवाजाचे आहे. तोवर सात तास ते गोड गळ्याने बोललेले असते! दिग्दर्शक असला तर थांबवणार. घरच्या कपाटात, गोधडीआड रेकॉर्डिंग करणाऱ्याला कोण थांबवणार?

आता यंत्रेही वाचू लागली आहेत. आवाज बदलणे हा त्यांच्या हातचा मळ. मराठीचा खरा सापळा लिपीत आहे. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, लिहायचे एकसारखेच. पहिला ‘ज’ दंत्य, दुसरा तालव्य. अर्थ कळल्याशिवाय उच्चार कळत नाही, म्हणून यंत्र इथे ठेचकाळेल असे मी मित्रांना ऐटीत सांगत असे.

परवा एका ग्रामीण कादंबरीत बैलांपुढे ‘चारा’ पडला, आकड्यातल्या ‘चार’च्या ‘च’ने. मागे नेऊन दोनदा ऐकले. वाचणारा माणूसच होता.