स्वयंचलित बदलसूची : नोंद आणि निवेदन

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत आज्ञावलीतील बदल ‘कमिट’ म्हणून नोंदविले जातात आणि प्रत्येक कमिटसोबत ते करणाऱ्याचा संदेश जतन होतो. सामायिक भांडारात नवे कमिट दाखल होताच ‘पोस्ट-रिसीव्ह’ नावाची छोटी आज्ञावली आपोआप चालविता येते व त्यांची सूची सहकाऱ्यांना ई-मेलने धाडता येते. ही व्यवस्था उभारणे फारसे अवघड नाही; प्रश्न आहे तो तिच्यातून काय पोहोचते याचा.

या संदर्भात ‘ग्नू’ प्रकल्पाच्या लेखनसंकेतांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ‘चेंजलॉग’ ही आज्ञावली घडविणाऱ्यांसाठीची तपशीलवार नोंद होय, तर ‘न्यूज’मध्ये वापरकर्त्याला जाणवणारे बदलच सांगितले जातात. पहिली सूची कमिट-संदेशांतून यंत्राला तयार करता येते. ‘गिटलॉग-टू-चेंजलॉग’ हे साधन तेच करते. दुसरीसाठी मात्र निवड आणि विवेक लागतो. एक रोजकीर्द आहे, दुसरी खतावणी. रोजकीर्दीच्या कितीही प्रती वाटल्या तरी खतावणी आपोआप तयार होत नाही.

एखाद्या बदलामुळे जुन्या फाइली उघडेनाशा होणार असतील आणि संदेश केवळ ‘किरकोळ दुरुस्ती’ असा असेल, तर वापरकर्ता सावध होत नाही. साधन संदेश तत्परतेने पोहोचविते, तशीच त्यातील उणीवही.

सारांश, वहनाचे काम यंत्राकडे निःसंकोच सोपवावे; बदल का केला व त्याची झळ कोणाला लागेल, हे सांगण्याचे उत्तरदायित्व मात्र लिहिणाऱ्याचेच राहते.