चॅपलची सक्ती गेली, मग उरलं काय?



आज आपल्यासमोर एक जाडजूड पुस्तक ठेवणार आहे आणि त्याच्याशी थोडं भांडणार आहे. जेम्स बर्चेल यांचं ‘द डाइंग ऑफ द लाइट’. १९९८ साली अमेरिकेत निघालं, साडेआठशेहून अधिक पानांचं आहे. लेखक कॅथलिक धर्मगुरू आणि नॉटर डेम विद्यापीठातले माजी प्राध्यापक. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी काढलेली सतरा कॉलेजं त्यांनी निवडली आणि ती आपापल्या चर्चपासून कशी कशी दूर गेली, ते कागदपत्रं लावून दाखवलं. त्यात ल्यूथरन कॉलेजं तीन: गेटिसबर्ग, सेंट ओलाफ आणि अर्व्हाइनचं कॉन्कॉर्डिया.

पुस्तकाचा निष्कर्ष नावातच आहे. दिवा विझत गेला. आणि कोणी शत्रूने तो विझवला नाही, तर घरच्याच सज्जन माणसांनी, चांगल्या हेतूने, वात थोडी थोडी खाली करत नेली. एका अध्यक्षाने देणगीदारांसाठी शब्द सौम्य केले, दुसऱ्याने प्राध्यापक नेमताना पंथ विचारणं सोडलं, तिसऱ्याने चॅपलची हजेरी ऐच्छिक केली. हे सगळं बर्चेल फार बारकाईने दाखवतात, आणि त्यातलं बरंचसं मला पटतं. कुठलीही संस्था आपला मूळ हेतू गमावते ती अशीच. ठराव करून कोणी हेतू गमावत नाही.

पण सबंध पुस्तक वाचून झालं तरी एक माणूस मला त्यात नीट भेटलाच नाही. तो म्हणजे विद्यार्थी. अध्यक्ष आहेत, विश्वस्त आहेत, सिनॉडचे अहवाल आहेत. विद्यार्थी येतो तो आकडा म्हणून, ल्यूथरन किती टक्के, चॅपलला किती हजर. रात्री वसतिगृहाच्या खोलीत पाचसहाजण बायबल उघडून बसतात आणि बाराएक वाजेपर्यंत वाद घालतात, त्याची नोंद कुठल्या विश्वस्तमंडळाच्या इतिवृत्तात होणार? माझं भांडण आहे ते इथे.

आता थोडं मागे जाऊ. ल्यूथर हा विद्यापीठातला मास्तर होता, हे आपण विसरतो. विटेनबर्गच्या त्याच्या घरात विद्यार्थी जेवणाऱ्यांसारखे राहात. कॅथरीना, म्हणजे त्याची बायको, खाणावळ चालवावी तसं ते घर चालवायची. जेवताना ल्यूथर जे बोलायचा ते ही पोरं टिपून घ्यायची, त्याचंच पुढे ‘टेबल टॉक’ झालं. म्हणजे ल्यूथरन विद्यार्थ्याचं धर्मजीवन जेवढं चर्चच्या बाकावर, तेवढंच जेवणाच्या टेबलावर घडलं.

पण ज्याला आपण विद्यार्थ्यांची धार्मिक संघटना म्हणू, ती जन्मली लाइपझिगला. साल १६८६. आउगुस्ट हेरमान फ्रांके आणि पाउल आंटोन या दोन तरुण मॅजिस्टरांनी एक मंडळ काढलं, ‘कोलेगियुम फिलोबिब्लिकुम’, बायबलप्रेमींचं मंडळ म्हणा. करायचं काय, तर हिब्रू आणि ग्रीक मुळातून बायबल वाचायचं. व्याकरण, शब्दांचे अर्थ, पाठभेद. भक्तीचा गहिवर नाही, भाषाशास्त्र! श्पेनरने, ज्याचं ‘पिया देसिदेरिया’ १६७५ साली आलं होतं, त्याने या मंडळाला सुचवलं की, बाबांनो, जे वाचता त्याचा स्वतःच्या जगण्याशी काही संबंध लावा. पुढे १६८७ मध्ये ल्यूनेबुर्गला असताना फ्रांके स्वतःच नास्तिकतेच्या काठावर जाऊन परत आला. प्रवचन लिहायला बसला होता, विषय होता श्रद्धा, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे ती नाहीच. १६८९ला तो लाइपझिगला परतला तो वेगळाच माणूस. त्याच्या व्याख्यानांना विद्यार्थी लोटले, मग गावातले कारागीर, बायका यायला लागल्या. आणि इथे विद्यापीठ घाबरलं.

गंमत बघा. नास्तिकतेला ते घाबरलेलं नव्हतं. आपल्या देखरेखीबाहेर चाललेल्या प्रार्थनेला घाबरलं. चौकशी बसली. १६९० मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरने अशा मेळाव्यांवर बंदी घातली. फ्रांकेच्या बाजूने कायदेशीर अभिप्राय कोणी लिहून दिला? क्रिस्टियान टोमासियुसने. जर्मन प्रबोधनाचा आद्य पुरुष, विवेकवादी! लाइपझिग दोघांनाही सोडावं लागलं आणि दोघे हालेला जमले, जिथे १६९४ साली नवं विद्यापीठ उभं राहिलं.

हे एवढं लांबण लावून सांगितलं त्याला कारण आहे. बर्चेल यांच्या मते कॉलेजांच्या या पडझडीचा एक मोठा अपराधी म्हणजे पायटिझम, हीच ती श्पेनर-फ्रांकेची चळवळ. त्यांचा आरोप असा की, या लोकांनी धर्म हृदयात नेऊन बसवला, बुद्धीच्या आणि चर्चच्या व्यवहारातून काढला. मग वर्गात विद्या आणि वर्गाबाहेर भक्ती, अशी वाटणी झाली. आणि वर्गाबाहेरचं ते काय, आज आहे, उद्या नाही.

पण लाइपझिगच्या पोरांनी ही वाटणी केली नव्हती, ती मोडली होती. तेव्हाच्या धर्मशास्त्र विभागात वादविवादाचे ठरीव साचे घोकले जात होते. मूळ ग्रंथ मुळातून वाचायची हौस या मंडळाला होती. विद्या आणि श्रद्धा एका टेबलावर आणण्याचं काम तिथे विद्यार्थ्यांच्या मंडळाने केलं, आणि संस्थेने ते बंद पाडलं.

आता बर्चेल यांच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर मी वकील झालो असं व्हायचं. हालेला हीच मंडळी अधिकारावर आली आणि १७२३ साली त्यांनी काय केलं? क्रिस्टियान वोल्फ नावाच्या तत्त्वज्ञाला हाकलून लावलं. त्याचा गुन्हा, चिनी लोकांच्या नीतिविचारावर एक भाषण. कन्फ्यूशियसला साक्षात्काराशिवायही सदाचार कळला होता, असा त्याचा सूर. राजाने हुकूम काढला, अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी. कालचं बंदी घातलेलं मंडळ आजचं चौकशीमंडळ झालं. तेव्हा पायटिझमवर बर्चेल यांचा जो राग आहे तो अगदीच बिनबुडाचा नाही. फक्त तो राग मंडळावर नको, मंडळाच्या हातात विद्यापीठाच्या किल्ल्या आल्या त्या घटकेवर हवा.

याच हालेचं एक टोक आपल्यापर्यंत येतं, ते ओझरतं सांगून पुढे जातो. हालेत शिकलेला श्वार्ट्झ १७५०ला तरंगंबाडीला आला आणि पुढे तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांचा शिक्षक झाला. सरफोजी हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख कोरवणारे तेच, आणि फ्लॅक्समनकडून श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक करवून घेणारेही तेच. ल्यूथरन गुरूकडून पुष्कळ घ्यायचं आणि त्याचा धर्म मात्र घ्यायचा नाही, असा विद्यार्थी असू शकतो. बर्चेल यांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

आता सेंट ओलाफ. मिनेसोटातलं नॉर्थफील्ड गाव. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांसाठी बर्न्ट म्यूस नावाच्या पास्टरने १८७४ला शाळा काढली, मुलं-मुली पहिल्यापासून एकत्र. तिचं कॉलेज झालं. १९१२ साली क्रिस्टियान्सेन यांनी तिथला गायकवृंद घडवला, तो आज जगभर फिरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बहुतेक ल्यूथरन कॉलेजांत चॅपलची सक्ती संपली. इथे टेकडीवर मोठं चॅपल आहे, चॅपलसाठी वेळापत्रकात वेळ मोकळा ठेवलेला असतो, पण जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. विद्यार्थ्यांचं स्वतःचं काँग्रिगेशन आहे, म्हणजे कॉलेजच्या आतच विद्यार्थ्यांची मंडळी. आणि त्याशिवाय बाहेरून आलेल्या संघटना. अशा कॉलेजांत त्या सगळीकडे दिसतात: ‘इंटरव्हर्सिटी’, जी अमेरिकेत १९४१पासून आहे, किंवा खेळाडूंची ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अॅथलीट्स’, १९५४ची.

या बाहेरच्या संघटना ल्यूथरन नाहीत, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. ल्यूथरन घरातलं मूल पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा घेतं. देवाने तुला आधीच आपलं म्हटलं आहे, तू काही मिळवायचं नाही, ही त्याची शिकवण. ते पोर अठराव्या वर्षी अशा एखाद्या बायबल स्टडीला जातं आणि तिथला मित्र प्रेमाने विचारतो, ‘तू ख्रिस्ताला कधी स्वीकारलंस?’ तारीख मागतो! याच्याकडे तारीख नाही. याने कधी नाकारलेलंच नव्हतं. रात्रभर झोप येत नाही. सकाळी कॅम्पस पास्टरकडे जातो. पास्टर सांगतात, तारखेची गरज नाही. ल्यूथरच्या शिकवणीप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. पण फ्रांकेकडे तारीख होती की! म्हणजे त्या मित्राचा प्रश्नही ल्यूथरन घरातूनच फिरून आलेला आहे, त्याला माहीत नाही एवढंच.

मला विचाराल तर, या कॉलेजात विश्वास जिवंत आहे की नाही, ते त्या झोप न लागलेल्या रात्रीवरून कळेल, हजेरीच्या वहीवरून नाही. सक्तीच्या चॅपलला गच्च भरलेल्या बाकांवर किती पोरं बीजगणित सोडवत बसली असतील, याचा हिशोब कोणी ठेवला आहे? भरलेला बाक हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे, आणि बर्चेल सतत त्यावर भार टाकतात.

पण दुसऱ्या बाजूलाही मी सुखी नाही. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चशी जोडलेल्या कॉलेजांनी २०१८ साली एक निवेदन मान्य केलं, ‘रूटेड अँड ओपन’. मुळं धरून राहायचं आणि दार उघडं ठेवायचं. म्हणणं असं की, आम्ही ल्यूथरन असूनही सर्वांचं स्वागत करतो असं नाही, ल्यूथरन आहोत म्हणूनच करतो. हा ‘म्हणूनच’ मला आवडला. तो पोकळही नाही. पेन्सिल्व्हेनियातलं म्यूलेनबर्ग कॉलेज घ्या. ज्या हाइनरिख म्यूलेनबर्गचं नाव त्याला आहे तो हालेनेच १७४२ला अमेरिकेत धाडलेला. आज तिथे ज्यू विद्यार्थी लक्षणीय संख्येने आहेत आणि त्यांची ‘हिलेल’ ही संस्था जोमात आहे. ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही, इतकं विखारी आहे. या चर्चने १९९४ साली ते जाहीरपणे नाकारलं. त्या पार्श्वभूमीवर ल्यूथरन आवारात शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागतात, याला मी शिष्टाचार म्हणणार नाही. तसंच मिनियापोलिसचं ऑग्सबर्ग: शेजारी सीडर-रिव्हरसाइडची सोमाली वस्ती, आणि वर्गात मुस्लिम विद्यार्थी.

माझी तक्रार निवेदनाच्या भाषेवर आहे. त्यात शेजारी वारंवार येतो, पण येतो तो सेवा घ्यायला. शेजाऱ्याची सेवा करायची, सर्वांची भरभराट व्हायची. फार छान. पण शेजारी माझ्याशी भांडला तर? तो म्हणाला, तुमचा त्रिएक देव मला मान्य नाही, तर? त्याची जागा कुठे? विद्यार्थी-कार्यालयाच्या यादीत सगळे गट एकाखाली एक असतात, मध्ये ज्यू, मुस्लिम, इव्हँजेलिकल, खाली बुद्धिबळ. प्रत्येकाला खोली, प्रत्येकाला थोडा निधी. सगळे शेजारी शेजारी आणि कोणाचाच कोणाला त्रास नाही. लाइपझिगच्या विद्यापीठाने फ्रांकेच्या मंडळावर बंदी घातली तो अन्यायच, पण तिथे काहीतरी पणाला लागलं आहे हे त्यांना कळलं होतं. आजच्या कार्यालयाने फ्रांकेला एक अर्ज भरायला दिला असता आणि बुधवारी सात ते आठ खोली मंजूर केली असती.

सेंट ओलाफमध्येच याचं एक उत्तम उदाहरण आहे. हॉवर्ड हाँग तिथेच शिकले, तिथेच १९३८ ते १९७८ तत्त्वज्ञान शिकवलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एडना यांनी किर्केगार्द इंग्रजीत आणला. त्यांचा ग्रंथसंग्रह आज कॉलेजात आहे, जगभरचे अभ्यासक येतात. आणि किर्केगार्दने आयुष्याचं शेवटचं वर्ष कशात घालवलं? डेन्मार्कच्या ल्यूथरन राज्यचर्चवर हल्ला चढवण्यात. जिथे सगळेच ख्रिस्ती म्हणून जन्मतात तिथे ख्रिस्ती कोणीच उरत नाही, हा त्याचा आरोप. कॉलेजने त्याला मानाने घर दिलं, हे मोठेपणाचंच. पण टेकडीवरच्या चॅपलमध्ये रोज जे चालतं त्याला त्याच टेकडीवरच्या ग्रंथालयातला हा माणूस काय म्हणाला असता, हा प्रश्न विचारणारं विद्यार्थ्यांचं एखादं मंडळ हवं. बुधवारी सात ते आठ नव्हे, लाइपझिगच्यासारखं, वेळ न बघणारं.

बर्चेल यांना अशा मंडळाचं महत्त्व वाटलं नसतं, कारण ते कॉलेजचं अधिकृत धोरण नाही. निवेदनवाल्यांना ते थोडं अडचणीचं वाटेल, कारण तिथे स्वागत कमी आणि वाद जास्त. सक्ती जाऊन साठ वर्षं होत आली, तिच्यासाठी रडण्यात मला रस नाही. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की, ज्या पोराला तारीख विचारली गेली, तो, त्याचा इव्हँजेलिकल मित्र, खालच्या मजल्यावरची मुस्लिम मुलगी आणि एखादा काहीच न मानणारा, हे चौघे एका टेबलावर बसून रोमकरांस पत्र उघडतात का. आणि उघडलं, तर त्यांना शिकवायला तिथे कोणी ग्रीक जाणणारा उरला आहे का. चर्चशी जोडलेल्या अनेक छोट्या कॉलेजांत आज विभाग बंद होताहेत, आणि कुऱ्हाड आधी पडते ती धर्म, तत्त्वज्ञान आणि प्राचीन भाषांवर. बर्चेल यांच्या पुस्तकानंतरचं खरं प्रकरण, माझ्या मते, ते आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.