खरे बोलण्याची किंमत : 'श्यामची आई' आणि आपली किशोरवयीन मुले

किशोरवयीन मुलांना खरेपणा शिकविणारे पुस्तक कोणते, असे विचारले तर मराठी माणूस क्षणाचाही विलंब न लावता 'श्यामची आई'चे नाव घेतो. आम्हा खानदेशकरांना तर हे पुस्तक घरचेच वाटते. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. पण १९२४ ते १९३० ही वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेथील वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे-पांघरुणे त्यांनी स्वतःच्या हातांनी नीट केली. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी तेथेच उतरवून घेतली. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली.

या पुस्तकाविषयी आपल्या चळवळीतील वाचकांच्या दोन प्रतिक्रिया मी नेहमी ऐकतो. एक, हे ब्राह्मणी घरातले भाबडे पुस्तक आहे, ते बाजूला सारावे. दुसरी, आई ती आई, तिला जात कसली? मला या दोन्ही भूमिका आळशीपणाच्या वाटतात. मी स्वतः हे पुस्तक आठवीत असताना धुळे जिल्ह्यातील एका वसतिगृहात वाचले आणि रडलो. आज जळगावच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविताना ते पुन्हा वाचतो, तेव्हा रडू येत नाही, प्रश्न पडतात. ते प्रश्न येथे मांडावयाचे आहेत.

प्रश्न असा की, खरे बोलणे आणि घरातले झाकून ठेवणे या दोन गोष्टींनी या पुस्तकातील माणसे कशी घडतात? आणि ज्या घरातून आम्ही आलो, त्या घरातली मुले त्याच मापाने मोजता येतात काय?

श्यामच्या घरात लपविण्याजोगे पुष्कळ आहे. वडिलांवर कर्ज आहे. शेतीवाडी जाते, पत जाते. आई माहेरच्या माणसांपासून, शेजाऱ्यांपासून आपली ओढाताण झाकीत राहते. श्याम स्वतःही लपवितो. पुस्तकांच्या ओढीने तो पैसे चोरतो, आणि वाचून मोठे व्हावे म्हणूनच आपण चोरी केली असे त्याला वाटते. आई त्याला पकडते. येथे साने गुरुजींची खरी ताकद दिसते. आईचा मार, आईचे दुःख आणि मुलाची कबुली यांतून मूल आतून बदलते. श्यामचे सत्य आईसमोर बोलले जाते आणि आईच्या मायेत त्याला क्षमा मिळते. म्हणजे त्याच्या खरेपणाचे न्यायालय घरात आहे आणि न्यायाधीश त्याच्यावर प्रेम करणारा आहे.

त्याच पुस्तकात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. आईला स्वतः घास घेतल्यावर कळते. हे मौन लबाडीचे नाही. दुसऱ्याचे मन दुखावू नये म्हणून पाळलेले ते मौन आहे. गुरुजी हा भेद जाणतात. सर्व लपविणे म्हणजे खोटे नव्हे, ही समज ते मुलांना देतात. उपदेशाच्या पुस्तकांत ती क्वचित सापडते.

पण हीच समज गावाच्या वेशीपाशी येऊन अडते. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात एक म्हातारी महारीण आहे. तिची मोळी खाली पडली आहे आणि तिला ती डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला म्हणते, जा, तिला हात लाव. घरी येऊन आंघोळ कर म्हणजे झाले. श्याम जातो, मोळी उचलून देतो, आणि कोणी हटकले तर घरी जाऊन आंघोळ करणार असल्याचे सांगतो. त्या काळात हे धाडसच होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती आंघोळ काय आहे? हृदयाने जे खरे मानले, त्यावर समाजासाठी घातलेले ते पांघरूण आहे. म्हातारी विटाळ नाही हे आईला ठाऊक आहे. पण ते घराबाहेर म्हणता येत नाही. ते या घराचे सर्वांत मोठे गुपित आहे. कर्जाचे गुपित पुढे फुटते, चोरीचे फुटते. हे मात्र आंघोळीच्या पाण्याखालीच राहते. आणि त्या म्हातारीला काय वाटले? तिला नाव नाही. मोळी डोक्यावर आली आणि ती पुस्तकातून निघून गेली.

हे पुस्तक १९३५ सालचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. एकीकडे पुण्य करून आंघोळ करणारा मुलगा, दुसरीकडे ती आंघोळच ज्यातून येते तो धर्म नाकारणारा माणूस. साने गुरुजींना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की ते त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. लेखक आपल्या पुस्तकाच्या पुढे गेला. शाळा मात्र अजून मुलांना पुस्तकापाशीच थांबविते.

आता दुसऱ्या गुपिताकडे वळू. घरावर जप्ती येते, अब्रूचे धिंडवडे निघतात, कर्जबाजारीपणा गावभर होतो, आई कोसळते. मी आठवीत हे वाचले तेव्हा आईसाठी रडलो. पुढे वयाने वाढल्यावर मनात एक साधा प्रश्न आला. गावात जप्तीची, लिलावाची दवंडी पिटण्याचे काम कोणाचे होते? गावगाड्यात ते महाराच्या वतनी कामांपैकी एक. माझ्या आजोबांच्या वडिलांनी ते केले. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, पण बाबासाहेबांनी त्याविरुद्ध विधिमंडळात विधेयक आणले होते ते १९२८ सालीच. दुसऱ्याच्या घराची अब्रू ओरडून सांगण्याची सक्ती आमच्यावर. त्या सक्तीत आमच्या घरात काय चालले आहे, हे विचारणारे कोणी नव्हते, आणि ते सांगायला आम्हाला तोंडही नव्हते. श्यामच्या आईची अब्रू गेली हे मराठी वाचकाला कळते, कारण ती होती हे त्याला मान्य आहे. ज्यांना अब्रूच नाही असे मानले गेले, त्यांच्या गुपितांचे काय करावयाचे?

याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात घडले आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून धुळ्याकडे बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. ही गोष्ट लोकांनी बाबासाहेबांना सांगितली नाही. आपल्या साहेबाने पायी चालावे हेही त्यांना सहन होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा नाही. तेव्हा त्यांच्यातल्याच एका न शिकलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलावर टांगा उलटला, घोडा-गाडी खाली गेली, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. खरे कारण त्यांना मागाहून कळले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आपल्या माणसांनी प्रवाशाच्या जिवापेक्षा त्याची प्रतिष्ठा जपली, असे ते स्पष्ट म्हणतात. पण त्यांना ते गुन्हेगार ठरवीत नाहीत. त्यांचे बोट त्या टांगेवाल्याकडे आहे, जो बॅरिस्टर अस्पृश्याहूनही स्वतःला श्रेष्ठ समजतो.

समीक्षेच्या दृष्टीने मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. गुपित कोणी पाळले, एवढेच येथे विचारलेले नाही. गुपित पाळण्याची पाळी कोणी आणली, हेही विचारलेले आहे. 'श्यामची आई' पहिला प्रश्न विचारते. दुसरा विचारीत नाही.

तो दुसरा प्रश्न मराठीत आणला दलित आत्मकथनांनी. ही पुस्तके किशोरांसाठी म्हणून लिहिली गेली नाहीत. पण आपली मुले अठराव्या-विसाव्या वर्षी तीच वाचतात. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) चोरी आहे, पण ती श्यामच्या चोरीसारखी नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, ते १९५२ पर्यंत त्या कायद्याखाली राहिले. शिक्का पुढेही राहिला. अशा घरात पोलिसांचा मार खाऊनही साथीदाराचे नाव न सांगणे हाच सद्गुण. तेथे कबुली म्हणजे विश्वासघात. श्यामचे न्यायालय घरात होते, येथे न्यायालय पोलीस चौकीत आहे. एकाच शब्दाचा, 'खरे बोल' या शब्दाचा, अर्थ दोन घरांत असा उलटा होतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर जन्म हेच गुपित आहे. बाप पाटील, आई महारीण, आणि शाळेच्या वहीत बापाचे नाव मागणारी एक रिकामी जागा. त्या जागेत काय लिहावे या एका प्रश्नावर सगळे पुस्तक उभे आहे. लेखक पंचविशीतला. त्याने नाव लिहिले आणि गावाने झाकलेले उघडे केले. हा खरेपणा पाटलाच्या वाड्याला भोवतो, म्हणून तो विद्रोह आहे.

येथे मला आपल्याच माणसांना एक गोष्ट विचारावयाची आहे. मुलगा सांगतो तेव्हा आईचे गुपित सांगतो. तिला विचारून? आमच्या आत्मकथनांचे कौतुक करताना आम्ही हा प्रश्न टाळला. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षे घरापासून लपवून लिहिले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. स्त्रीला समाजाचे खरे सांगण्यासाठी आपले लिहिणेच घरात गुपित ठेवावे लागले. गावाने लादलेले गुपित उघडे करणे विद्रोह आहे; घरातल्या पुरुषाच्या धाकाने पाळलेले गुपित उघडे करणे हाही विद्रोहच आहे. पहिल्याला टाळ्या आणि दुसऱ्याला गप्प बसविणे, हा आमचा अप्रामाणिकपणा होय.

दुसऱ्यांना विचारल्यावर स्वतःकडे यावे लागते. वसतिगृहात असताना माझे वडील धुळ्याच्या बाजार समितीत हमाली करीत. मी मुलांना सांगितले होते की ते तेथे नोकरीला आहेत. एका रविवारी ते पाठीवरच्या पोत्याच्या धुळीसकट, फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन दारात उभे राहिले. कोण, असे एकाने विचारले. गावाकडचा माणूस आहे, असे मी म्हणालो. वडिलांनी ऐकले. फडके माझ्या हातात दिले, "जेवी ले भाऊ, मी चालनू," एवढे म्हणून ते गेले. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. अळणी भाजीची गोष्ट मी तेव्हा नुकतीच वाचली होती. आज मला कळते की त्या दिवशी अळणी भाजी वडिलांनी खाल्ली आणि वाढली मी. माझे खोटे मी जगाला वाहिले आणि त्याची किंमत मात्र त्यांनी भरली. श्यामसारखी कबुली देण्याचे धैर्य मला वीस वर्षांनी झाले. वडील हसले, म्हणाले, तू काय करशील, लोकच तसे होते. त्यांनी बोट टांगेवाल्याकडेच दाखविले.

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना 'माझे घर' हा निबंध दिला. एका मुलीने चार पाने लिहिली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, दुसरं पान फाडून टाका." त्या पानावर लिहिले होते की शहरात खोली मिळावी म्हणून तिने घरमालकिणीला आडनाव वेगळे सांगितले आहे. मी पान काढून तिच्या हाती दिले. हे येथे तिच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे काही सांगितलेले नाही. 'श्यामची आई'च्या मापाने ही मुलगी खोटारडी ठरेल. चाळीसगावच्या मापाने नाही. आडनाव ऐकून ज्याच्या खोल्या भरतात, खोटेपणा त्याच्या दारात आहे. पण ती घरात ते लिहू शकत नाही, वर्गात बोलू शकत नाही, आणि तिचे आयुष्य त्या एका पानाभोवती आवळत जाते, हेही खरे आहे. जातीने लादलेले गुपित निरपराध असले तरी ते माणसाला आतून कुरतडते.

म्हणून 'श्यामची आई' मुलांच्या हातून काढून घ्यावी असे मी म्हणत नाही. ती वाचावी, आणि मोळीच्या प्रकरणापाशी थांबून त्या म्हातारीचे नाव काय असेल ते मुलांना विचारावे. शेजारी चाळीसगावचा प्रसंग ठेवावा. आणि आपल्या लेखकांनी आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहावी. ती अजून फारशी लिहिली गेलेली नाही. आपण थेट प्रौढांच्या वेदनेत उतरलो. तिच्यातले मूल खोटे बोलेल, लपवील, बापाला ओळख देणार नाही. लेखकाने त्याला पापी ठरवू नये आणि त्याच्यावर दया करून सवर्ण वाचकाचे डोळेही ओले करू नयेत. कोणते गुपित आपले आणि कोणते आपल्यावर लादलेले, हे त्याला ओळखता यावे. पहिले सांगावे की नाही, हा त्याचा अधिकार. दुसरे एकट्याने वाहू नये. दहा जणांनी मिळून ते दवंडीसारखे मोठ्याने सांगावे. दवंडी पिटणे आम्हाला येते. आता ती आपल्यासाठी पिटायची आहे.

त्या मुलीने ते पान फाडले नाही. वहीत घडी करून ठेवले आहे, असे तिने मला परवा सांगितले.