कृष्णविवराचे भय : शब्द, वृत्त आणि युक्तिवाद यांची चिकित्सा

प्रस्तावना

१० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळ, फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सीमेखालील २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात, लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात प्रोटॉनांचा झोत प्रथमच पूर्ण फेरी मारून आला. त्याआधीचे काही दिवस भारतातील अनेक वृत्तवाहिन्यांनी ‘पृथ्वीचा अंत’ हा विषय लावून धरला होता. या प्रयोगातून कृष्णविवर निर्माण होईल आणि ते पृथ्वी गिळून टाकील, असा त्या निवेदनांचा आशय होता. त्याच आठवड्यात, अशा बातम्यांनी भयभीत झालेल्या मध्य प्रदेशातील एका शाळकरी मुलीने आत्महत्या केल्याचे वृत्त कुटुंबीयांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. वस्तुतः त्या दिवशी यंत्रात दोन झोतांची टक्कर घडविण्यात येणारच नव्हती. नऊ दिवसांनी झालेल्या तांत्रिक बिघाडामुळे पहिल्या टकरी नोव्हेंबर २००९ पर्यंत लांबल्या.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्या भयाची टवाळी करणे हा नाही. हे भय पदार्थविज्ञानातून नव्हे, तर एका रूपकातून उपजले. आणि त्यास मिळालेले उत्तर बहुधा युक्तिवादाचे नसून अधिकारवाणीचे होते, म्हणून ते सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

‘विवर’ या शब्दाचे ओझे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा आहे, तर दक्षिणेकडे लोणार. या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास ‘विवर’ हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी लोणारमुळे परिचित असतो. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले. परंतु लोकमानसाने त्या खळग्यात लवणासुर वसविला आणि त्याच्या वधासाठी विष्णूस पाचारण केले. दैत्यसूदन मंदिर त्या कथेची साक्ष देत उभे आहे. खोल, काळोख्या पोकळीत कोणीतरी भक्षक दबा धरून असतो, ही कल्पना आपल्या मनात अशी जुनी आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायातील, लोकांना ग्रासणाऱ्या विश्वरूपाच्या मुखांचे दर्शन ज्या समाजाने कीर्तनातून पिढ्यान् पिढ्या ऐकले, त्यास ‘गिळणारे विवर’ ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही.

नेमकी येथेच अडचण उद्भवते. कृष्णविवर ही पोकळी नसून अत्यल्प जागेत कोंडलेले वस्तुमान होय. त्याचे आकर्षण त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते. त्यास स्वतंत्र भूक नसते. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी अंधारात व थंडीत जाईल, परंतु आपल्या कक्षेतच फिरत राहील. मराठी संज्ञेतील ‘विवर’ हा अंश इंग्रजी संज्ञेप्रमाणेच हे सत्य झाकतो.

मराठीस ही संज्ञा कथेच्या द्वारेही परिचित झाली, हे लक्षणीय आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘ना. वि. जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून त्यांनी ते नाव घेतले होते. म्हणजे कृष्णविवर ही वस्तू शास्त्रीय कुतूहलाचा विषय म्हणून मराठी वाचकासमोर मांडली गेल्यास २००८ साली चौतीस वर्षे झाली होती. तरीही वृत्तनिवेदनाने कुतूहलाचा हा वारसा सोडून भक्षकाचीच प्रतिमा उचलली.

प्रमाणाचा विसर

वृत्तांकनाचा दुसरा दोष प्रमाणभानाच्या अभावाचा होता. यंत्राची संकल्पित टक्कर-ऊर्जा १४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट होती. आकडा भव्य भासतो. परंतु एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे उडत्या डासाच्या गतिज ऊर्जेइतकी ऊर्जा. वैशिष्ट्य ऊर्जेच्या राशीत नसून ती प्रोटॉनएवढ्या सूक्ष्म जागी एकवटण्यात आहे. ही सर्व ऊर्जा वस्तुमानात परिवर्तित झाली, तरी ते सुमारे पंधरा हजार प्रोटॉनांइतके, म्हणजे सोन्याच्या शंभराहूनही कमी अणूंइतके भरेल. शिवाय प्रस्थापित गुरुत्वसिद्धांतानुसार सूक्ष्म कृष्णविवरासाठी याच्या सुमारे एकावर पंधरा शून्ये इतक्या पट ऊर्जा हवी. अवकाशास अधिकच्या मिती असल्या, तरच ही मर्यादा खाली येण्याची शक्यता काही सिद्धांतांनी वर्तविली होती. भयाचा संपूर्ण डोलारा या ‘तर’वर उभा होता; तो ‘तर’ पडद्यावर क्वचितच उच्चारला गेला.

उत्तराची परीक्षा

परंतु चिकित्सा एकांगी असू नये. प्रयोगाच्या समर्थनार्थ दिल्या गेलेल्या उत्तरांचीही परीक्षा आवश्यक आहे. ‘थोर शास्त्रज्ञ सांगतात, म्हणून धोका नाही’ हे उत्तर तर्कदृष्ट्या दुर्बल होय. सूक्ष्म कृष्णविवर क्षणार्धात विरून जाईल, हे दुसरे लोकप्रिय उत्तर हॉकिंग यांच्या १९७४ च्या सिद्धांतावर आधारलेले होते. तो सिद्धांत भक्कम मानला जातो. मात्र कृष्णविवराचे ते प्रारण प्रत्यक्ष निरीक्षणात आलेले नाही. प्रयोग थांबविण्यासाठी अमेरिकेतील हवाई येथील संघीय न्यायालयात दाखल झालेला दावा सप्टेंबर २००८ मध्येच फेटाळला गेला, पण तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. त्यामुळे न्यायालयाने धोका नसल्याचा निर्वाळा दिला, असे म्हणणेही यथार्थ नाही.

बलवान उत्तर निराळे आहे आणि ते निसर्गाने दिलेले आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर अखंड आदळतात व त्यांतील काहींच्या टकरींची ऊर्जा या यंत्राहून कितीतरी अधिक असते. सर्नच्या सुरक्षा-मूल्यमापन गटाने २००८ च्या अहवालात दाखविले की, पृथ्वीच्या आयुष्यात अशा प्रयोगांची लाखभर आवर्तने निसर्गाने आधीच पार पाडली आहेत. विश्वकिरण हा विषय आपणास परका नाही. या किरणांचे वर्षाव कसे घडतात, याचा सिद्धांत होमी भाभा व हाइटलर यांनी १९३७ साली मांडला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या अभ्यासाची दीर्घ परंपरा निर्माण झाली.

या युक्तिवादावर एक सार्थ आक्षेप घेता येतो. विश्वकिरणांतून उपजलेला कण अतिवेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. यंत्रातील समोरासमोरच्या टकरीतून उपजलेला मात्र मंद असल्यास पृथ्वीतच अडकेल. गिडिंग्ज व मँगानो यांनी २००८ मधील शोधनिबंधात हा आक्षेप टाळला नाही. कृष्णविवर मुळीच विरत नाही, असेही त्यांनी वादापुरते गृहीत धरले. मग त्यांनी श्वेतबटू व न्यूट्रॉन तारे यांचा दाखला घेतला. हे तारे इतके घन की वेगवान कणही त्यांत अडकावा. विश्वकिरणांचा मारा सोसूनही ते अब्जावधी वर्षे टिकून आहेत. म्हणून धोकादायक पर्यायाची शक्यता निकालात निघते. प्रतिपक्षास सर्वाधिक अनुकूल गृहीतक मान्य करून त्याचा परिहार करणे, ही आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पद्धतीशी जुळणारी रीत होय. खेदाची बाब ही की, हा उत्तरपक्ष भारतीय भाषांतील श्रोत्यापर्यंत वेळेवर आला नाही. पूर्वपक्ष मात्र घरोघरी पोहोचला.

भारत या प्रयोगात केवळ प्रेक्षक नव्हता, हेही त्या गदारोळात दडून राहिले. यंत्रातील अजस्र चुंबकांना अचूक स्थानी तोलून धरणारे सात हजारांहून अधिक आधार-जॅक भारताने पुरविले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा त्यात पुढाकार होता. आपल्याच अभियंत्यांनी उचलून धरलेल्या यंत्राची ओळख आपल्या श्रोत्यांना संहारक म्हणून व्हावी, हा विपर्यास होता.

निष्कर्ष

यंत्र सुरू होऊन बराच काळ लोटला. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज-बोसॉनचा शोध जाहीर झाला. २०२२ पासून टकरी १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर झाल्या. सूक्ष्म कृष्णविवराचा मागमूस आढळला नाही. तथापि ‘काही झाले नाही’ हे घटनोत्तर समाधान होय. ज्या वयात शब्दाची प्रतिमा वस्तूहून मोठी भासते, त्या वयातील विद्यार्थ्यास घटनेपूर्वीच कारणमीमांसा उपलब्ध असावयास हवी होती.

हा प्रश्न गतकालीन नाही. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनातून उठणाऱ्या लहरी टिपणे हे तिचे एक प्रमुख कार्य आहे. म्हणजे कृष्णविवर हा शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या बोलण्यात पुन्हा येणार. वेधशाळा कृष्णविवर घडवीत नाही, केवळ त्याची चाहूल घेते, हा भेद कोणी सांगावयाचा? तो विज्ञानाच्या प्राध्यापकाने सांगावा, तसाच भाषेच्या प्राध्यापकानेही. कारण अर्धी चूक समीकरणात नसून शब्दात आहे. लोणारच्या काठावर उभे राहून ‘हे विवर कशाने झाले?’ असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास असुराची कथा जरूर सांगावी, परंतु अशनीचा पुरावा सांगितल्यावाचून त्यास परत पाठवू नये. कृष्णविवराच्या बाबतीतही अध्यापकाचे कर्तव्य याहून वेगळे नाही.