काम, कौशल्य आणि दलित साहित्य

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव भक्तांच्या दिंड्या येथे येतात. त्याच दिवसांत जवळच्या मांजरसुंब्याच्या चौरस्त्यावरून दुसरीही माणसे जात असतात. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघालेली ही ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे. दिंडी ज्या परंपरेतून येते तिने बाराव्या शतकात ‘कायक’ हे मूल्य दिले. श्रम हीच पूजा, कोणतेही काम हलके नाही, असा त्याचा अर्थ. विचार थोर आहे. परंतु कामाला प्रतिष्ठा देणे वेगळे आणि काम निवडण्याचे स्वातंत्र्य देणे वेगळे. दलित साहित्याने हा दुसरा प्रश्न विचारला. आज ‘कौशल्य विकास’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असताना त्या प्रश्नाच्या प्रकाशात काही कलाकृती पुन्हा वाचल्या पाहिजेत.

दलित तरुण बेकार आहे कारण त्याच्या हाती कौशल्य नाही. त्याला शिकवा म्हणजे प्रश्न सुटेल, असे सांगितले जाते. आपल्यातील शिकलेली मंडळीही हेच बोलू लागली आहेत. हे अर्धसत्य आहे. 1936 सालच्या ‘जातिभेद निर्मूलन’ या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि माणसाला धंदा बदलू न दिल्याने ती स्वतःच बेकारीचे कारण बनते. मुंबईच्या कापड गिरण्यांत याचा पुरावा होता. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. हे काम शिकायला अवघड होते म्हणून नव्हे, तर थुंकीचा विटाळ होता म्हणून ते दार बंद होते. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेकडे या दृष्टीने पाहावे. तिच्यातील विद्रोहाची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यातील नोकरीची झाली नाही. कथेचा नायक शिकलेला आहे, त्याला रेल्वेत काम मिळाले आहे. योजनेच्या भाषेत त्याचे ‘पुनर्वसन’ पूर्ण झाले! परंतु परक्या गावात राहायला खोली हवी, आणि खोलीसाठी जात लपवावी लागते. जात उघडी पडते तेव्हा त्याला मार बसतो. त्याला सोडवायला धावतो तो दुसरा दलित कामगार. नोकरीच्या हुकुमात खोली नसते, शेजार नसतो, संकटात हाक मारावी असा माणूस नसतो. बागुलांनी ही गोष्ट उपदेश न करता सांगितली, हे त्यांचे सामर्थ्य.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) दुसरी बाजू दाखवते. कैकाडी समाजाच्या बोटांत टोपल्या विणण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या आहे. येथे कौशल्य नाही असे कोण म्हणेल? तरीही गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव हिंडण्याचे सुटले नाही. जमीन नाही, भांडवल नाही, मालाचा भाव ठरवण्याचा अधिकार नाही. असे कौशल्य पोट भरत नाही, ते माणसाला त्याच धंद्याला जखडून ठेवते. म्हणून चांभाराच्या मुलाला चामड्याचे आणि बुरुडाच्या मुलाला बांबूचे काम शिकवणारी योजना पाहिली की विचारावे: हे प्रशिक्षण आहे की नव्या कागदावर लिहिलेले जुने बलुते?

हे सारे जुन्या काळचे, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा होता. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. पदवी तीच, कौशल्य तेच. अडला तो नावापाशी.

मग प्रशिक्षण नको काय? असा निष्कर्ष काढणे आत्मघाताचे ठरेल. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती, आणि 1945 साली त्याच खात्याखाली रोजगार विनिमय केंद्रे उभी राहिली. शिकवणे आणि काम मिळवून देणे ही दोन्ही शासनाची जबाबदारी आहे, हा त्याचा अर्थ.

ही दृष्टी घेऊन पुन्हा मांजरसुंब्याच्या रस्त्यावर येऊ. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी सोबत जाते. दहावीची परीक्षा मार्चच्या सुमारास येते, तेव्हा आईबाप उसाच्या फडात असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक चांगल्या व्यवसायांना दहावी लागते. म्हणजे फिटर होण्याच्या वाटेतील पहिला अडथळा यंत्र नसून उचल आहे. अशा मुलांसाठी राज्य शासनाने 2021 साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. प्रशिक्षणाचा खरा आरंभ कार्यशाळेत होत नाही, अशा वसतिगृहाच्या खाटेवर आणि ताटावर होतो. कार्यकर्त्याने कोणतीही योजना तपासताना किती जणांना प्रमाणपत्र दिले एवढेच विचारू नये. शिकण्याच्या काळात घरची चूल कशाने पेटली, मुलगी शिकायला येऊ शकली काय, काम लागल्यावर खोली कोणी दिली, आणि सहा महिन्यांनी तो माणूस कामावर टिकून आहे काय, हे विचारावे.

शेवटी एक प्रश्न आपल्या लेखकांना. आपल्या आत्मकथनांत शाळामास्तर आहेत, कारकून आहेत, प्राध्यापक आहेत, कारण लिहिणारे बहुतेक त्याच वाटेने वर आले. लेथवर उभा राहिलेला, वेल्डिंगचा चष्मा लावलेला, शिकाऊ म्हणून वर्ष काढून पुन्हा कोयत्याकडे परतलेला तरुण त्यांत फार थोडा आहे. नर्सिंग शिकून परगावी खोली शोधणारी मुलगी तर त्याहून कमी. त्यांची गोष्ट लिहिली गेली नाही तर ते केवळ अहवालातले आकडे राहतील. आणि त्यांच्या अपयशाला ‘कौशल्याचा अभाव’ हे नाव देणे प्रस्थापितांना सोपे जाईल.